सव्वा तास बाकी

सर, तुमचा पासवर्ड अजून माझ्याकडेच आहे. तुमचं घड्याळ मुलीनं ठेवून घेतलं, चष्मा काकूंनी देवघराशेजारच्या फडताळात ठेवला, उरलेली औषधं महेश दवाखान्यात परत देऊन आला. पासवर्ड मात्र कुणी मागितला नाही. मागणार तरी कोण? तुमच्या नावावर कुठल्याशा परदेशी संस्थेच्या खात्यात शिकण्याचे तास जमा होतात, हे आपल्या चार-सहा जणांशिवाय कुणाला ठाऊक होतं? तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. शेतात समाधी दिली तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभी होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की सरांचे सव्वा तास बाकी राहिले. अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल याचा काही नेम नाही. तुम्ही असता तर हसला असता, आणि मग म्हणाला असता की नीट बघ, दीड असतील.

आपलं हे सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय, असं गावात कुणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. मी पहिल्यांदा आले त्या रविवारी तुमच्या ओसरीवरच ते ऐकलं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, की एवढी शिकलेली पोरं दर आठवड्याला तुमच्याकडं कशाला गोळा होतात. तुम्ही म्हणालात, "ड्रायव्हरचं लायसन असतं ना, तसं आमचं मोठी कामं हाकायचं लायसन हाय. फरक एवढाच, की मुदत संपली म्हणून नुसता फोटो देऊन भागत न्हाय. तीन वर्षांत साठ तास काहीतरी नवं शिकलो, हे सांगावं लागतं." गृहस्थांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की हे ड्रायव्हरांनाही लावायला पाहिजे. तुम्ही त्यावर इतके खूश झालात की पुढे प्रत्येक नव्या माणसाला हा किस्सा सांगितलात.

मला तुमच्याकडे आणलं ते महेशनं. तो जळकोटचा, हायवेच्या कामावर इंजिनिअर, माझ्या आधीपासून तुमच्याकडे येणारा. मी पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत होते, राहायला धाराशिवला. पुण्याला जाऊन प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा दिली, पास झाले, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, आईनं त्याला हळदकुंकूही वाहिलं, आणि मग कळलं की ही गोष्ट तीन वर्षांत शिळी होते. शिकण्याचे कार्यक्रम सगळे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत. इंटरनेटवर शिकावं म्हटलं तर आमच्या साइटवर रेंज यायची ती एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच. तेव्हा महेश म्हणाला की अणदूरला एक सर आहेत, मोठमोठ्या बांधकामांत उभी हयात घालवून आता गावी येऊन राहिलेत, रविवारी घरी शिकवतात, आणि ते तास संस्थेत रीतसर धरले जातात. फक्त, तो म्हणाला, सरांचा तास जरा मोठा असतो.

किती मोठा ते त्याच दिवशी कळलं. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत, तोंड वर करून. शिकवणं सुरू. काकू चहा घेऊन आल्या, घड्याळ पालथं. कपबश्या गेल्या, घड्याळ सुलट. लाइट गेली, पालथं. महेशला मुकादमाचा फोन आला, पालथं. कुणीतरी म्हणालं की यंदा तूर बरी दिसतेय, लगेच पालथं, आणि मग तुरीवर तुम्ही स्वतःच बराच वेळ बोललात. मी तुळजापुरात गाडी बदलून सकाळी पोचले होते, दुपारचं ऊन ओसरीवर येईपर्यंत बसले, आणि निघताना तुम्ही जाहीर केलंत की आजचा एक तास झाला. मला वाटलं थट्टा आहे. महेशनं डोळ्यांनीच खुणावलं की थट्टा नाही.

काकूंचं या घड्याळाशी कायमचं वैर. त्या जन्मानं पलीकडच्या कर्नाटकातल्या, तुमच्याशी भांडण कानडीत सुरू करायच्या आणि आम्हाला कळावं म्हणून मराठीत संपवायच्या. एकदा ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पोरं चहा येईस्तोवर मुकी बसत्यात. कप हातात आला की बोलाय लागत्यात. आन नेमकं तेवढंच तुमी मोजत न्हाय." तुम्ही मान खाली घालून चहा प्यायलात. घड्याळ मात्र काही सुलट झालं नाही.

तरी आमच्या तासांची कधी चिंता नव्हती. चिंता तुमच्या तासांची होती, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली. संस्थेच्या नियमात शिकवण्याचे तासही चालतात, पण एका मर्यादेपर्यंतच. बाकीचे सगळे स्वतः शिकलेले हवेत. तुम्ही बारा महिने शिकवत होता, त्यामुळे ती मर्यादा पहिल्या काही महिन्यांतच भरून जायची आणि पुढचे सगळे रविवार तुमच्या खात्यात शून्य. उरलेले तास शिकून भरायचे म्हटलं तर तुमचा स्वतःचा नियम संस्थेच्या नियमापेक्षा कडक. जे आधीच येत होतं ते पुन्हा ऐकलं, तर तो तास नाही. इंटरनेटवर एखादं व्याख्यान तुम्ही कानाला यंत्र लावून, वही पुढ्यात घेऊन तासभर ऐकायचात आणि शेवटी म्हणायचात, "नवं पंधरा मिनिटांचं होतं." मग खात्यात पाव तास.

यावरून आपण किती वाद घातला, सर. मी म्हणायचे की संस्था स्वतः सांगते, तासभर बसलात तर तास धरा. तुम्ही कोण त्यातून कापणारे? तुम्ही म्हणायचात की संस्थेला काय माहीत मला आधी काय येत होतं ते. मी म्हणायचे की असं जर जगातल्या सगळ्यांनी केलं तर कुणाचंच सर्टिफिकेट टिकणार नाही. तुम्ही म्हणायचात की जगाचं मला सांगू नको, पुढचा विषय घे. मला तुमचं म्हणणं अजूनही पटलेलं नाही. उलट, ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकल्यावर माणसाला वेगळी कळते, हा माझा मुद्दा होता आणि तो चांगला मुद्दा होता. तो तुम्ही कधी नीट ऐकून घेतला नाहीत, आणि आता मी जिंकले काय, हरले काय, सारखंच.

एक गोष्ट मात्र मान्य करते, की तुमचा नियम तुम्ही आम्हाला सोयीचा पडेल तिथंही तेवढ्याच सरळपणे लावायचात. खंडोबाच्या वेळचंच घ्या. आपल्या अणदूरचा खंडोबा थंडीत दीड-दोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो. जाण्याआधी दोन्ही गावची मानकरी मंडळी समोरासमोर बसतात आणि लेखी करार करतात, की देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा, कुणी काय सांभाळायचं. मी धाराशिवची असूनही हे कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही आम्हाला घेऊन गेलात आणि एका बाजूला उभं राहून हळू आवाजात सांगत राहिलात. काम पुरं झाल्यावर ते दुसऱ्याच्या ताब्यात देणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात भांडणाचा भाग. पवनचक्की उभी राहते, फिरते, वीज देते, पण ती ताब्यात घ्यायला समोरचा माणूस सही करत नाही, कारण कुंपणाचं दार गंजलंय. आणि इथं दोन गावं देवच एकमेकांच्या हवाली करत होती. तुम्ही म्हणालात की कागद बघू नको, आधी कोण कोण हजर हाय ते बघ, ज्याला ज्याला पुढं तक्रार करता येईल तो प्रत्येक माणूस इथं बोलावलेला हाय.

परतताना मी म्हणाले की हे काही आपण संस्थेला कळवू शकत नाही, लोक हसतील. तुम्ही थांबलात. "तुला हे ठाऊक होतं का?" मी म्हणाले नाही. "मग पाऊण तास. धर." स्वतःला तुम्ही काहीच धरलं नाहीत, कारण तुम्ही ते लहानपणापासून पाहत आला होता. महेशनं घरी जाऊन उत्साहाच्या भरात अख्खी मिरवणूक धरली, येळकोट, भंडारा, जेवण, सगळं, आणि 'लोकसहभाग' असं नाव देऊन आठ तास लिहून टाकले. पुढच्या रविवारी तुम्ही त्याला सगळ्यांसमोर ते कापायला लावलेत. तो म्हणाला, सर, देवाच्या दारातले तास आहेत, कापू नका. तुम्ही म्हणालात की म्हणूनच कापतोय. आम्ही इतके हसलो की काकू बाहेर येऊन बघून गेल्या.

माझ्या पहिल्या व्याख्यानाचं तुम्हाला आठवत असेल. मला माणसांसमोर बोलायची धास्ती होती. साइटवर शंभर माणसांना कामाला लावीन, पण दहा खुर्च्यांसमोर उभं राहिलं की कागदावरून नजर वर होत नसे. तुम्ही मला विषय दिलात, कामातले धोके आधीच कसे ओळखावेत. मी पुस्तकातलं सगळं पाठ करून आले. बोलायला उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून मी आमच्या पात्याची गोष्ट सांगितली. पवनचक्कीचं पातं म्हणजे गावातल्या गल्लीपेक्षा लांब, ते ट्रकवर आडवं येतं. आमच्या टीमनं अख्खा रस्ता आधी मोजून काढला होता, वळणं, पूल, विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या. सगळ्या धोक्यांची यादी तयार, सगळ्यांवर उपाय तयार. आणि पातं निघालं त्या दिवशी एका गावात भर रस्त्यात लग्नाचा मांडव. आदल्या संध्याकाळी घातलेला. लग्नसराईत आपल्याकडे रस्त्यावर मांडव पडतो हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक, आणि आमच्या यादीत तेवढंच नव्हतं. ट्रक उभा. मागे गाड्यांची रांग. शेवटी नवरीच्या मामानं आम्हालाच पंगतीला बसवलं, म्हणाला अक्षता पडल्याशिवाय मांडव हलायचा न्हाय, तोवर जेवून घ्या. ट्रकवाल्यासकट आम्ही सगळे बुंदी खात बसलो आणि पुण्याच्या ऑफिसातून फोनवर फोन.

मी बोलायची थांबले तेव्हा मला वाटलं की संपलं सगळं. मग माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. काकू मध्ये चहा ठेवून गेल्या होत्या, चहा तसाच निवला होता, आणि घड्याळ सुलट होतं. तुम्ही म्हणालात, "हे मला अजाबात ठाऊक नव्हतं. पूर्ण तास, माझ्या खात्यात धर." सर, त्या दिवशी घरी जाताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. आनंदानं रडत होते. नंतर मी कित्येक ठिकाणी बोलले, मोठ्या हॉलमध्ये, माइकवरून, टाळ्याही मिळाल्या. पण तुमच्यासारख्या कंजूष माणसानं दिलेला तो तास माझ्यासाठी फार मोठा आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. दर वेळी वाटायचं, सांगितलं तर तुम्ही घड्याळ पालथं कराल.

मग तुमचं दुखणं आलं. मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला जाणं सुरू झालं. तुमची तीन वर्षांची मुदतही याच वर्षी संपणार होती आणि खात्यात बरेच तास कमी होते. मला कळेना की तुम्हाला आता हे कशाला हवंय. नोकरी नाही, टेंडर नाही, कुणी विचारायला येणार नाही. संस्थेत निवृत्त माणसांसाठी वेगळी सोय आहे, अर्ज केला की तास भरावे लागत नाहीत आणि मानही राहतो. मी सगळी माहिती काढून आणली आणि मोठ्या कौतुकानं तुमच्यापुढे ठेवली.

तुम्ही रागावलात. असं तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं. "मी नोकरीतनं निवृत्त झालो. ह्याच्यातनं न्हाय," एवढंच म्हणालात आणि भिंतीकडे वळून झोपलात. काकूंनी मला बाहेर आणलं आणि म्हणाल्या की पोरी, मनाला लावून घेऊ नको, त्यांना तू आजारी म्हणालीस तर राग येत न्हाय, म्हातारा म्हणालीस की येतो. दोन आठवडे आपण बोललो नाही. त्या दोन आठवड्यांत मला हळूहळू उमगलं, की या साठ तासांमागे तुम्हाला कागद नको होता. अजून कुणाकडून तरी काही शिकायचं बाकी आहे, एवढी खात्री तुम्हाला तीन-तीन वर्षांनी करून घ्यायची होती. ती सोडायला मी सांगत होते.

माझं ऑफिस तोवर सोलापूरला हललं होतं. मी डायलिसिसच्या दिवशी येऊन बसू लागले. तुमच्या हातात सुया, बाजूला यंत्र घरघरतंय, पायाशी स्टुलावर काकू जपमाळ घेऊन, आणि मी तुमची मास्तरीण. विषय तुम्हीच निवडलात. हल्ली संगणकाला मागच्या कामांची माहिती दिली की पुढचं काम कुठं अडेल याचा अंदाज तो बांधून देतो, ते सगळं तुम्हाला समजून घ्यायचं होतं. मी ऑफिसात ते नुकतंच शिकले होते. तुमच्यासारखा विद्यार्थी देवानं वैऱ्यालाही देऊ नये. प्रत्येक वाक्याला अडवायचात. हे मागच्या वेळी सांगितलंस म्हणायचात आणि तेवढा वेळ कापायचात. नर्स रक्तदाब बघायला आली की तुम्ही उरलेल्या मोकळ्या हातानं टेबलावरचं घड्याळ पालथं करायचात, ती गेली की सुलट. तिला पहिल्यांदा वाटलं तुम्हाला वेळ बघायचीय, तिनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

एकदा मी अर्धा तास रंगात येऊन सांगत होते, की हा संगणक हजारो कामं पाहिलेला असतो, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. तुम्ही शांतपणे विचारलंत, "त्याला मांडव ठाऊक हाय का?" मी म्हणाले, आपण सांगितला तर ठाऊक होईल. "मग त्याला ते सांगायचं कुणी, हे पुढचं शीक आणि मला येऊन सांग." मी खरंच शिकून आले. त्यासाठी दोन पुस्तकं वाचली, ऑफिसातल्या लोकांचं डोकं खाल्लं. ते शिकले म्हणून आज नव्या कामाचं नियोजन माझ्याकडे आलंय. तुम्हाला तास मिळावेत म्हणून मी यायचे असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर त्या खोलीत माझंच भलं होत होतं.

असं करत करत तुमचे तास भरत आले. पाव, अर्धा, पाऊण. तुमचे डोळे साथ देत नव्हते म्हणून खात्यात मी लिहायचे आणि वाचून दाखवायचे. शेवटी सव्वा तास उरला, आणि मुदत संपायला अजून तीन आठवडे होते. मी म्हणाले, सर, एका बैठकीत संपवू. तुम्ही हसलात. मला वाटतं त्या दिवशी तुम्हालाही खात्री होती.

ती बैठक झाली, पण तुम्ही त्या दिवशी फार थकला होता. विषय असा होता, की संगणकाचा अंदाज चुकला तर जबाबदारी कुणाची. मी बोलत राहिले. तुमचे डोळे मिटले होते, मला वाटलं तुम्ही ऐकताय. तुम्ही असे डोळे मिटून ऐकायचातही. माझं सगळं सांगून झालं तेव्हा तुम्ही दचकून उठलात आणि विचारलंत की कुठंपर्यंत आलो. मी म्हणाले, झालं सर, संपलं, साठ पूर्ण. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, काकूंकडे पाहिलंत.

"हा धरू नको," तुम्ही म्हणालात. "पुढच्या वेळी परत सांग."

काकू म्हणाल्या की सांगितलं की तिनं सगळं, म्या ऐकलं. तुम्ही म्हणालात, तू ऐकलंस, मी न्हाय. काकू कानडीत काहीतरी बोलल्या, ते त्यांनी मराठीत करून सांगितलं नाही.

पुढची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात, सकाळी, घरीच तुम्ही गेलात. काकू म्हणतात फार त्रास झाला नाही. मी त्यावर विश्वास ठेवते.

मुदत संपायला काही दिवस उरले असताना महेशचा फोन आला. तो आधी दुसरंच काहीबाही बोलत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, भरून टाका की ते. तुम्ही तर खरंच शिकवलं होतं. आता कोण तपासायला बसलंय? सरांचं तेवढंच राहिलंय." त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. संस्थेच्या हिशोबानं तो तास पूर्ण होता. शिकवणारी होते, विषय होता, दिवस होता, वेळ होती. साक्षीला काकू होत्या. मी पान उघडलं. विषय लिहिला, तारीख लिहिली. तासांच्या रकान्यात आकडा टाकायचा आणि एक बटण दाबायचं, की तुमची इच्छा पुरी. सर, मला ते करायचं होतं. इतक्या वर्षांत तुमच्यासाठी काही करायची ही एकच संधी माझ्या हातात होती, आणि ती तुम्हीच जाता जाता काढून घेतली होती. मला तुमचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. हे नवं होतं, पण याला कुठला रकाना नाही.

मी ते पान बंद केलं. मुदतीची तारीख आली आणि गेली. मी त्या दिवशी साइटवर होते, एका पवनचक्कीच्या पायाचं काँक्रीट चालू होतं, संध्याकाळपर्यंत डोकं वर काढायला फुरसत मिळाली नाही. ते बरंच झालं.

तुमच्याकडून मला काय मिळालं हे सांगायला बसले तर तुम्ही त्यातलं निम्मं कापाल, म्हणून थोडंच सांगते. मी कामावरून घरी येताना रोज स्वतःला विचारते की आज काय नवं कळलं. पुष्कळदा उत्तर येतं की काही नाही, आणि ते मला स्वतःशी कबूल करता येतं. ऑफिसात कुणी चार तासांचं प्रशिक्षण घेऊन आलं की मी विचारते, त्यातलं तुला आधी काय येत नव्हतं. लोक चिडतात. तुमच्यावर आम्ही चिडायचो तसेच चिडतात. दोन पोरी मात्र परत येऊन नीट उत्तर देऊन गेल्या. माझ्या आयुष्यात तुम्ही आलात हे माझं भाग्य आहे, सर. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणाले नाही, म्हणायला हवं होतं, आज म्हणते.

मग मी संस्थेला पत्र पाठवलं. इंग्रजीत, चार ओळींचं, की तुम्ही आता नाही, तर हे खातं मिटवावं. उत्तर आलं ते माणसानं लिहिलेलं नव्हतंच. माझं पत्र कुणी वाचलं की नाही देव जाणे. त्यात तुमचं नाव घालून लिहिलं होतं, की मुदतीत तास पूर्ण न झाल्यामुळे तुमचं सर्टिफिकेट सध्या स्थगित आहे, पण काळजी करू नये. उरलेले सव्वा तास पूर्ण करण्यासाठी आपल्याला अजून एक वर्षाचा अवधी आहे. आपल्या शिकण्याच्या प्रवासाला शुभेच्छा.

काल मी अणदूरला गेले आणि काकूंना ते वाचून दाखवलं. वाचता वाचता मला हसू आलं आणि शेवटच्या ओळीला रडू. काकूंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली की खरंच वर्षभर म्हणतायत का. मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग रडायलीस कशाला? शिकू दे की त्यांना निवांत. आता सुया बी न्हाईत टोचायच्या."